आतून अडलेलं फाटक

१

मर्डो गेडिस सापडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हॅडक माशांच्या रांगा टांगलेल्या होत्या, आणि मासे अगदी हवे तसे पिवळे झाले होते. पोर्टकेर्न गावात लोक नंतर कितीतरी दिवस हेच बोलत राहिले. त्याच्या हातचा शेवटचा माल उत्तम उतरला होता, पण तो विकत कोण घेणार?

मासे धुरावर धरून टिकवायचं मर्डोचं धुरीघर धक्क्याला लागून होतं. पुढे धक्क्याकडचं दार, आत शिरताच धुरीच्या तीन खोल्या, त्यांच्या पाठीमागे अंगण, आणि अंगणातून मागच्या गल्लीत जाण्याचं लाकडी फाटक. ओकचा भुसा धुमसत राहावा म्हणून मर्डो रोज संध्याकाळी खोलीत शिरून तो फावड्याने परतायचा. त्या संध्याकाळी तो आत असताना कुणीतरी दार लोटलं आणि बाहेरून लोखंडी अडसर सरकवला. भिंती हातभर जाड, शेजारी बर्फाचा कारखाना सतत घरघरणारा. त्याच्या हाका कुणाच्या कानावर गेल्या नाहीत. सकाळी कामाला आलेल्या बायकांनी अडसर काढला, तेव्हा तो दाराशीच पडलेला होता. बोटांची नखं उखडलेली होती.

पोलीस सार्जंट उना फार्कर सगळ्यांत आधी पोहोचली. ती गल्लीच्या बाजूने आली, कारण तिचं घर त्या बाजूला होतं. फाटक ढकललं तर ते तसूभरही हललं नाही. खांदा लावून पाहिलं, लाथ मारली, तरी नाही. शेवटी चरफडत वळसा घालून ती धक्क्याकडून आत गेली. मागच्या अंगणात पाहते तो काय, फाटकाला आतून टेकून भुशाचा कमरेएवढा ढीग, रात्रीच्या सरींनी भिजून जड झालेला. प्रेत गल्लीच्या बाजूने न्यायचं ठरलं, म्हणून बायकांनी तो ढीग फावड्यांनी बाजूला सारला. शहरातलं तपासपथक कॅमेरे घेऊन आलं तोवर फाटक सताड उघडं होतं.

उनाने पथकाच्या प्रमुखाला ढिगाबद्दल सांगितलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, इथे बरी कॉफी कुठे मिळते.

२

संशय घ्यावा अशी माणसं तीनच होती.

मर्डोची बायको रोना. नवऱ्याशी तिचं फार पटत नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी ती चर्चच्या गायनाच्या तालमीत वीस-पंचवीस माणसांमध्ये उभी होती. तिने उनाला कोरड्या डोळ्यांनी सांगितलं की मर्डो हट्टी होता, धुरीघराच्या जागी हॉटेल बांधायला निघालेल्यांनी सोन्याचा भाव दिला तरी तो विकायला तयार नव्हता. हॉटेलवाल्यांची माणसं मागच्या फाटकाने आत डोकावून मापं घ्यायची, त्याचाही त्याला फार राग होता.

दुसरा त्याचा धाकटा भाऊ लॅकलन. धुरीघरात त्याचा अर्धा वाटा होता, पण धुराचा वास त्याला लहानपणापासून सोसत नसे. मासळीच्या धंद्यात त्याने कधी हात घातला नाही. गावात त्याची विम्याची कचेरी होती. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोळसा पोहोचवणारा माणूस. विकायचं होतं ते त्याला.

आणि तिसरी एल्स्पेथ थेन. वीस वर्षं ती मर्डोच्या हाताखाली होती. पोरींना माशाचं पोट कसं फाडायचं इथपासून कुठल्या खोलीत किती धूर ठेवायचा इथपर्यंत सगळं ती बघायची. त्याच दिवशी सकाळी मर्डोने तिला कामावरून काढलं होतं. कारण क्षुल्लक होतं, एक खेप करपली होती. भांडण मात्र धक्काभर ऐकू गेलं होतं. जाताना ती ओरडली होती, "तुझ्याच धुरात गुदमरून मर."

उना आणि एल्स्पेथ एकाच शाळेतल्या. उनाला ती कधीच आवडली नव्हती. तिची जीभ म्हणजे सोलायची सुरी होती, आणि शाळेत तिने उनाच्या तोतरेपणाची नक्कल करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. तरीही चौकशीला समोर बसलेली एल्स्पेथ बोलली ते उनाला खरं वाटलं. संध्याकाळी ती माफी मागायला परत गेली होती. धक्क्याकडचं दार ठोठावलं, उत्तर आलं नाही, मर्डो मुद्दामच उघडत नसेल असं समजून ती घरी गेली.

"तो आत मरत होता आणि मी दाराला शिव्या घालत होते," एवढंच ती म्हणाली. नंतर वकील येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

इथल्या कायद्यात एका साक्षीवर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीला एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे लागतात. एल्स्पेथविरुद्ध धमकी होती, भांडण होतं. पण अडसर सरकवला जाण्याच्या सुमारास ती आत होती, याला दोन साक्षी हव्या होत्या.

आठवडाभरात त्या मिळाल्या.

३

पहिली साक्ष लॅकलनची. दुसरी नेटा बुकनची. ही गल्लीत फाटकासमोर राहणारी म्हातारी विधवा, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारी. शहरातल्या पथकाने दोघांचे जबाब घेतले. दोघांनीही एल्स्पेथला धुरीघरातून घाईघाईने बाहेर पडताना पाहिलं होतं. उनाला एवढंच कळलं. पुढचं तिला कोर्टात कळलं.

खटला शहरातल्या मोठ्या कोर्टात उभा राहिला. सरकारी वकील होता रॉनल्ड फेअरली. उंच, देखणा, आवाज मऊ. हरलेला खटला त्याच्या नावावर क्वचितच होता, आणि पुढच्या वर्षी तो न्यायाधीश होणार अशी बोलवा होती. ज्यूरीत पंधरा जण, आठ मतं पडली की निकाल. फेअरली त्या पंधरा जणांकडे असा बघायचा, जणू प्रत्येकाला घरी जेवायला बोलावणार आहे.

त्याने उनाला पहिल्याच दिवशी उभं केलं. दार कसं होतं, अडसर कुठे होता, हातांची अवस्था काय होती. नखांचं वर्णन आलं तेव्हा ज्यूरीतली एक बाई रडली. फेअरली थोडा वेळ तिला रडू देऊन मग खाली बसला. तू कुठून आत गेलीस, हे त्याने विचारलं नाही. बचावाची वकील कर्स्टी डन्बार हिनेही नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगायचं असतं. उना खाली उतरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

मग लॅकलन आला. काळा टाय, खाली घातलेली नजर. त्याने सांगितलं की त्या संध्याकाळी तो मिसेस बुकनकडे कोळसा द्यायला गेला होता. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा असताना समोरचं फाटक उघडलं आणि एल्स्पेथ गल्लीत आली.

"फाटकातून?" फेअरलीने हळुवार विचारलं.

"हो. नेहमी तिथूनच जायची ती. बाहेर आली, फाटक ओढून घेतलं, आणि जवळजवळ पळतच गेली."

उना ताठ बसली.

पाठोपाठ नेटा बुकन. हातमोजे घातलेली, उजवा हात वर करून शपथ घेणारी. तिनेही तेच सांगितलं. फाटक उघडलं, एल्स्पेथ आली, फाटक ओढून घेतलं, पळाली. लॅकलन माझ्या शेजारीच उभा होता, मी त्याला म्हटलंसुद्धा, ही आज कुणीकडे निघाली.

ज्यूरीतली माणसं एकमेकांकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर निर्णय झाल्याचा तो निवांतपणा उतरायला लागला होता, जो उनाने आधीही पाहिला होता. दोन माणसं, एकच गोष्ट. आणखी काय हवं?

आणि उनाच्या खांद्यात, त्या सकाळी फाटकाला लावलेल्या खांद्यात, अचानक कळ आल्यासारखं झालं.

४

घाई करून चालणार नव्हतं. ढीग कधी पडला होता? साक्षीदार सांगत होते ती संध्याकाळ उलटून गेल्यावर पडला असेल, तर तिचं म्हणणं फुकट होतं. उनाने दुपारच्या सुट्टीत भुसा पोहोचवणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मर्डो गेला त्याच दिवशी दुपारी टाकला, धक्क्याकडून आत आणून, मर्डोने उभं राहून फाटकालाच लावून टाकायला लावला. हॉटेलवाल्यांचं येणं एकदाचं बंद होऊ दे म्हणाला. एल्स्पेथ तेव्हा निघून गेलेली होती. गल्लीतून पाहणाऱ्याला तर ढीग दिसणंच शक्य नव्हतं.

तिने फेअरलीला कोर्टाच्या मागच्या दालनात गाठलं. तो सँडविच खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बसा ना, सार्जंट," तो म्हणाला. "मग तुमचं म्हणणं काय?"

"ते दोघं खोटं बोलतायत. ते फाटक त्या संध्याकाळी कुणालाच उघडता आलं नसतं. ते आत उघडतं."

"किंवा दोघांचीही बारीकशी गफलत झाली. दुसऱ्या दाराने आली असेल."

"दोघांची एकच गफलत?" उना म्हणाली. "दोन माणसं खरं बोलत असतील तर त्यांचं जुळणारच, त्यात विशेष नाही. पण जे घडलंच नाही ते दोघांनी सारखंच पाहिलं, तर एकाने दुसऱ्याच्या तोंडात घातलेलं असणार. म्हणजे तुमच्याकडे दोन साक्षी नाहीत, साहेब. एकच आहे, दोन तोंडांनी बोलणारी."

फेअरलीने रुमालाने बोटं पुसली.

"मला बारीकसारीक विचारून ज्यूरीचा गोंधळ करायचा नाही. पंधरा साधी माणसं आहेत ती. त्यांना एक गोष्ट द्यायची, सरळ. खरं काय घडलं हे शोधून काढणं माझं काम नाही. काय सिद्ध होतं, तेवढं मी पाहतो. तिच्यावर दोन पुरावे आहेत. दुसऱ्या कुणावर आहेत का दोन?"

"म्हणून हिला धरलं?"

"म्हणून हिच्यावर खटला चालला," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या ढिगाबद्दल बचावाला कळवणं माझं कर्तव्य आहे. कळवीन."

त्याने कळवलं. संध्याकाळी, कागदांच्या गठ्ठ्यात, एका ओळीत. फाटक कदाचित घट्ट बसलेलं असावं, असं एका अधिकाऱ्याचं मत.

उनाच्या वरिष्ठाने तिला बजावलं की आता गप्प बस, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीयत. दुसऱ्या दिवशी सकाळी उना कोर्टाच्या पायऱ्यांवर कर्स्टी डन्बारसमोर जाऊन उभी राहिली.

५

डन्बारने न्यायाधीशांची परवानगी घेऊन उनाला पुन्हा उभं केलं. प्रश्न थोडे आणि नेमके होते. फाटक, ढीग, त्याची उंची, फाटक कुठल्या बाजूला उघडतं. गाडीवालाही येऊन सांगून गेला. ज्यूरीतल्या चेहऱ्यांवरचा निवांतपणा गेला. पहिल्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस पुढे झुकून बसला.

मग फेअरली उठला. उनाला वाटलं होतं, तो ढीग नाकारेल. त्याने तसं काहीच केलं नाही.

"सार्जंट, तुम्ही फाटक सकाळी ढकललंत. पावसानंतर. भुसा भिजून जड झाल्यावर. बरोबर?"

"हो, पण..."

"कोरडा भुसा हलका असतो. घाबरलेल्या बाईने आतून थोडा सारला असता तर अंगापुरती फट पडली असती, हे अशक्य आहे असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

 उनाला खोटं बोलायचं नव्हतं. "अशक्य असं नाही म्हणणार मी. पण दोघंही म्हणाले, फाटक उघडलं आणि तिने सहज..."

"आभारी आहे. आणि आरोपी आणि तुम्ही एकाच शाळेत होतात ना?"

"होतो. मला ती आवडत नव्हती."

कोर्टात थोडं हसू उमटलं. फेअरलीही हसला आणि खाली बसला. ती आवडत नव्हती हे कुणी ऐकलं नाही. एकाच शाळेत होत्या, एवढं सगळ्यांनी ऐकलं.

शेवटच्या भाषणात त्याने फाटकाचं नावसुद्धा काढलं नाही. धमकी पुन्हा म्हणून दाखवली, नखांचं वर्णन पुन्हा केलं. प्रत्येक धागा तपासत बसू नका, दोर ओढून बघा, असं तो म्हणाला. डन्बारने वाजवी शंकेबद्दल सांगितलं. न्यायाधीशांनी तीन निकाल समजावले: दोषी, निर्दोष, आणि तिसरा, सिद्ध झालं नाही. तिसऱ्याचा अर्थ काय, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यानेही आरोपी सुटतो, एवढंच.

ज्यूरी दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. टक्कल पडलेला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, सिद्ध झालं नाही.

एल्स्पेथ पिंजऱ्यातून उतरली. ती सुटली होती, पण तिच्या तोंडावर सुटकेची एक रेघ नव्हती.

"यांना म्हणायचंय, केलंय हिनेच, जमलं नाही आम्हाला," ती उनाजवळून जाताना म्हणाली. "आता गावात कुठे राहू मी?"

 गाडीकडे जाताना उनाला दुसरंच काही सुचलं आणि ती रस्त्यातच उभी राहिली. एल्स्पेथ फाटकातून आली नाही, तर तिला खिडकीतून कुणी पाहिलं नाही. कुणी पाहिलं नाही, तर खिडकीशी दोघं उभे होते याला तरी काय आधार? लॅकलन त्या वेळी नेटाच्या स्वयंपाकघरात होता, हे सांगणारी एकटी नेटा होती. सरकारने ज्या साक्षीवर एल्स्पेथला फासात अडकवायला घेतलं, तीच साक्ष लॅकलनचा ठावठिकाणा होती. फेअरलीला दोन पुरावे हवे होते म्हणून त्याने लॅकलनवर विश्वास ठेवला, आणि विश्वास ठेवला म्हणून लॅकलन कुठे होता हे कुणी विचारलंच नाही.

आणि फाटक अडलंय हे ठाऊक नसलेला माणूस कोण? जो त्या संध्याकाळी धक्क्याकडून आला, पुढच्या पुढेच आपलं काम उरकून धक्क्याकडूनच गेला, आणि एल्स्पेथची रोजची वाट तेवढी ज्याला माहीत होती.

६

नेटा बुकनने चहा केला, बिस्किटं काढली, आणि कप ठेवताना बशीत सांडला. उनाने कसलाही आरोप केला नाही. तिने फक्त विचारलं की त्या संध्याकाळी तुम्ही लॅकलनला म्हणालात, ही आज कुणीकडे निघाली, तर त्यावर तो काय म्हणाला?

म्हातारीने सांडलेला चहा पुसायला घेतला. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तरही तिला कुणी दिलं नव्हतं.

"मला दिसत नाही गं नीट," ती म्हणाली. "डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. तो म्हणाला, तुम्ही पाहिलंत, पण ओळखलं नाहीत, ती एल्स्पेथ होती. म्हणाला, मिसेस बुकन, एकट्याचं कोर्टात धरत नाहीत, तुम्ही बोलला नाहीत तर मर्डोचा खुनी सुटेल. मला वाटलं, असेल. मी खिडकीशी असेनच. मी नेहमी असते."

"आणि तो? तो होता का तुमच्या शेजारी?"

"आला होता ना कोळसा घेऊन. पण नंतर. रात्रीच्या बातम्या संपल्यावर." ती हातमोज्यांसारखे आपले हात एकमेकांत घालून बसली. "अंगाला धुराचा वास येत होता त्याच्या. मी म्हटलं, अगदी मर्डोसारखा वास येतोय तुला. तर म्हणाला, चूल पेटवत होतो."

ज्याला लहानपणापासून तो वास सोसत नव्हता, त्याच्या अंगाला.

उनाने तिला विचारलं, हे सगळं शपथेवर सांगाल? नेटा रडायला लागली. शपथेवर आधी सांगितलं ते काय होतं मग, असं विचारत राहिली.

७

फेअरली न्यायाधीश झाला. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी बऱ्याच टाळाटाळीनंतर लॅकलनवर खटला भरला. धक्क्यावरच्या एका कोळ्याने त्याला त्या संध्याकाळी धुरीघराच्या दाराशी पाहिलं होतं. तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा सगळे एल्स्पेथबद्दल विचारत होते.

पुन्हा तेच कोर्ट, नवे पंधरा जण. लॅकलनच्या वकिलाने आधीच कळवलं होतं की आमच्या अशिलाने हे केलं नाही, एल्स्पेथ थेनने केलं. असं दुसऱ्यावर बोट दाखवण्याची मुभा कायदा देतो. आणि मग तो उभा राहिला आणि फेअरलीचं जुनं भाषण ओळीओळीने म्हणू लागला. धमकी. भांडण. नखं. "याच दालनात," तो म्हणाला, "सरकारने पंधरा जणांना छातीठोकपणे सांगितलं की खुनी ती बाई आहे. आज तेच सरकार म्हणतं, नाही, हा माणूस. ज्याची स्वतःचीच खात्री नाही, त्याच्या शब्दावर तुम्ही भरवसा कसा ठेवणार?"

नेटा बुकनला त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. कुठल्या शपथेवर खोटं बोललात, पहिल्या की दुसऱ्या? म्हातारी शेवटी म्हणाली, आता मला आठवतच नाही.

उना मागच्या बाकावर बसून होती.  समोरचा वकील खोटं बोलत नव्हता. तो फेअरलीच बोलत होता.

सिद्ध झालं नाही.

लॅकलन पायऱ्या उतरून आला, बातमीदारांसमोर भावाची आठवण काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता, आणि खाली लहान अक्षरांत, या प्रकरणात पूर्वी अशाच प्रकारे सुटलेल्या एल्स्पेथ थेनचं नाव होतं. बेकरीत उनाच्या पुढे रांगेत उभी असलेली बाई शेजारणीला म्हणाली, दोघांपैकी कुणीतरी केलंच असेल, आपण दोघांपासूनही लांब राहावं हे बरं.

८

त्या आठवड्यात उनाने पोलिसातल्या नोकरीचा राजीनामा दिला. पेन्शन थोडी कापली गेली. मग ती कर्स्टी डन्बारला भेटायला गेली आणि विचारलं, समजा मी चारचौघांत म्हटलं की लॅकलन गेडिसने भावाला मारलं, तर?

"तर तो तुमच्यावर बदनामीचा दावा लावेल. घर विकावं लागेल तुम्हाला."

"आणि मी म्हटलं, ते खरंच आहे, तर तिथे मला किती सिद्ध करावं लागेल?"

डन्बारने हातातलं पेन खाली ठेवलं. हळूहळू तिच्या लक्षात आलं. दिवाणी दाव्यात दोन साक्षी लागत नाहीत. शंकेच्या पलीकडे जावं लागत नाही. घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवलं की पुरतं. काट्याचं पारडं जरासं झुकलं तरी चालतं. आणि त्याला स्वतःला पिंजऱ्यात येऊन उलटतपासणीला उत्तरं द्यावी लागली असती. खुनाच्या खटल्यात तो तोंडही न उघडता बसून राहिला होता.

"धोका फार आहे, उना."

"मला ठाऊक आहे."

शनिवारी धक्क्यावर मासळीचा बाजार भरतो. उनाने गर्दी व्हायची वाट पाहिली. लॅकलन आपल्या चांगल्या कोटात, हॉटेलच्या माणसांना जागा दाखवत उभा होता. ती त्याच्या समोर गेली. लहानपणचा तोतरेपणा पहिल्या अक्षराला आडवा आला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

"लॅकलन गेडिस, तू मर्डोला त्या खोलीत कोंडलंस. धक्क्याकडून आलास, अडसर घातलास आणि धक्क्याकडून गेलास. मग एका आंधळ्या म्हातारीला पढवून एल्स्पेथला अडकवलंस. मी हे इथे सगळ्यांसमोर म्हणते आहे. खोटं असेल तर लाव माझ्यावर दावा. माझं नाव उना फार्कर, घर चर्चच्या मागे. नोटीस तिथे पाठव."

बाजार थांबला. लॅकलन हसायला गेला, पण हसू जमलं नाही. त्याने हॉटेलच्या माणसांकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत होते.

"तुम्ही आजारी आहात, सार्जंट," तो म्हणाला.

"सार्जंट नाही मी आता. म्हणूनच बोलता येतंय."

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली आणि तेच शब्द पुन्हा बोलली. त्याच्या पुढच्याही. वर्तमानपत्रांनी छापायला नकार दिला, पण गावाला छापील कागदाची गरज नव्हती. लोक वाट बघू लागले. ज्याच्यावर भर बाजारात खुनाचा आळ येतो तो निर्दोष माणूस काय करेल, हे प्रत्येकाला कळत होतं. लॅकलनच्या कचेरीत माणसं पॉलिसी बंद करायला यायला लागली. रोनाने एक दिवस त्याला तोंडावर विचारलं, भावोजी, दावा का नाही लावत? त्याने कसलं तरी कारण सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

दावा आला नाही. हॉटेलवाल्यांनी व्यवहार मोडला. उन्हाळा सरायच्या आत लॅकलनने घर विकलं आणि तो कुणालाही न सांगता दक्षिणेकडे निघून गेला. त्याला बेडी पडली नाही, कधी पडणारही नाही. उनाचा राग काही उतरला नाही, तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. रॉनल्ड फेअरली अजून त्या कोर्टात उंच खुर्चीवर बसतो आणि ज्यूरीला वाजवी शंका म्हणजे काय ते समजावून सांगतो.

लॅकलन गेल्याचं कळलं त्या दुपारी एल्स्पेथ उनाच्या दाराशी आली. ती आत आली नाही.

"तीस माणसं," ती म्हणाली. "दोन खटल्यांच्या ज्यूरीतली तीस माणसं माझ्याकडे टक लावून बघत बसली. शिवाय वकील, न्यायाधीश, पोलीस, तू. मर्डो गेल्यावर मला काय वाटलं, हे एकानेही विचारलं नाही. आणि मी रडले असते तर म्हणाले असते, मन खातंय हिचं."

उना तिच्यासोबत टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत चालत गेली आणि मागे थांबली. समुद्रावरून वारा येत होता. एल्स्पेथ मर्डोच्या दगडासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. वीस वर्षांनी कामावरून काढतोस, मेल्या, एका करपलेल्या खेपेसाठी. दार नाही का उघडायचं? मी माफी मागायला आले होते. आवाज चढत गेला, मग फुटला, आणि ती खाली बसून रडायला लागली, मोठ्याने, गावात कुणीही ऐकावं इतक्या मोठ्याने.